भिंतीकडची जागा

‘‘वैनी, इकडनं बस. त्या अंगाला बसलीस तर म्या बोलायचं कुणाशी, खोक्याशी?’’

शालननं मला दंडाला धरलं आणि स्वतःच्या उजव्या बाजूला बसवलं. गुरपादशेठच्या बेदाण्याच्या शेडमागं रिकाम्या खोक्यांची खोली होती, तिथं आम्ही दोघी. दुपारची जेवणाची सुट्टी. बाहेर तीस-चाळीस बायका डबे उघडून बसल्या होत्या आणि त्यांचा कलकलाट आत येत होता, म्हणजे आतलं बाहेर जायची भीती नव्हती. जागा मी आधीच हेरून ठेवली होती. घरात सासू, शेजारी जाऊ, रस्त्यावर सगळं गाव. बाईशी एकटीशी बोलायला आमच्या गावात त्या खोक्यांच्या खोलीइतकी आडोशाची जागा दुसरी नव्हती.

बसायला वरचं एक खोकं काढायचं होतं, तेही शालननंच काढून दिलं. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. कधीतरी विहिरीवर पडले होते.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हा मी चौतीस वर्षांची, एका पोरीची आई, सातवी पास. पुढचं शिक्षण रद्दीत झालं. माहेरी किराणा दुकान होतं, पुड्या बांधायला रद्दी यायची, ती मी आधी वाचायची आणि मग फाडायची. त्यामुळं जगातल्या पुष्कळ गोष्टींची मला सुरुवात माहीत आहे, शेवट नाही. सासरी मी देवळात बायकांना पोथी वाचून दाखवायची. आमचे हे गुरवमास्तर. सकाळी शाळा, संध्याकाळी देवळात पखवाज. त्यांचा हात पखवाजावर पडला की लांबून लोक यायचे ऐकायला. मास्तरांची बायको म्हणून मला गावात मान होता, आणि मला तो आवडायचा.

पुण्याहून यामिनीताई देवस्थळी आल्या त्या पाहणीसाठी. बेदाण्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या, पाच गावांतल्या तीनशे बायका. पाहणीचं नाव ‘कामकरी बायकांचं आरोग्य’. खरा विषय निराळा होता: घरात नवरा हात उचलतो का, कधीपासून, कशानं. पण ते नाव घेऊन गल्लीत शिरलं असतं, तर आमच्या आधी मार शिरला असता. म्हणून आरोग्य. आणि ते खोटंही नव्हतं.

बायकांना प्रश्न विचारायच्या कामावर मला घेताना ताईंनी एक परिच्छेद वाचायला दिला होता. वाचून झाल्यावर म्हणाल्या, ‘‘तुम्ही वाचताना कुठं थांबता ते मला आवडलं.’’ माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. तेवढ्यावर मी त्यांच्यासाठी पाच गावं उन्हातनं पायी तुडवली असती, आणि तुडवलीच.

सहा दिवस त्यांनी आम्हाला शिकवलं. एका घरातनं एकच बाई घ्यायची. चिठ्ठी टाकून. घरात फॉर्म ठेवून यायचा नाही. बाईची सही नको, अंगठा नको. तिनं तोंडी हो म्हणायचं आणि त्या ‘हो’खाली सही आपण करायची. सुरुवातीला एक वाक्य म्हणायचंच: उत्तरं द्यायची की नाही हे तुमच्यावर आहे, कधीही थांबा म्हणालात तर मी थांबेन. बाई रडली तर पेन खाली. उपदेश करायचा नाही, सोड त्याला असं म्हणायचं नाही, सहन कर असंही म्हणायचं नाही. मदतीचा फोन नंबर द्यायचा, पण गॅस एजन्सी, दवाखाना, एसटी स्टँड अशा नंबरांच्या मधोमध लिहून. आणि फॉर्मसोबत कायम एक हिरवा कागद. कुणी आलं की तो वर, आणि त्यातले पालेभाजीचे प्रश्न सुरू.

पाचव्या दिवशी सरावासाठी आम्ही एकमेकींनाच प्रश्न विचारले. माझ्या जोडीला रेश्मा मुलाणी होती. ती म्हणाली, ‘‘ते पहिलं वाक्य सोडू का? आपल्याला पाठच आहे.’’ म्हटलं सोड. तिनं पन्नास प्रश्न विचारले. मी पन्नास वेळा ‘नाही’ म्हणाले.

‘‘नशीब काढलंस बाई,’’ रेश्मा म्हणाली. तेवढ्यात चहा आला.

तर ती दुपार. मी पहिलं वाक्य म्हटलं. शालननं डोकं माझ्याकडं कलतं करून ऐकलं, पोथी ऐकायची तसं.

‘‘थांब म्हटलं की थांबतीस?’’

‘‘थांबते.’’

‘‘लई नवल,’’ ती म्हणाली. ‘‘असं थांबणारं माणूस बघायलाच बसते आता. इचार.’’

‘‘नाव लिहीत नाही मी. आकडा आहे. तू सत्तेचाळीस.’’

‘‘सत्तेचाळीस का? पाच-पंचवीस न्हवता व्हय एखादा? मी एवढी मागं?’’

दहा प्रश्न झाले असतील. दारात सावली आली. शालनचा नवरा पोपट. गुरपादशेठचा उजवा हात. गाड्या भरून घेणं, शेठची छत्री धरणं, शेठच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसणं, सगळं तोच करायचा. दिसायला हसरा. गल्लीत कुणाचं मयत असो की बारसं, पोपट पुढं.

हिरवा कागद वर आला. ‘‘आणि आठवड्यातून पालेभाजी किती वेळा होते?’’

‘‘मेथी,’’ शालन तत्क्षणी म्हणाली. ‘‘सोमवारी. गुरुवारी चाकवत, घावला तर.’’

‘‘वैनी, मला बी इचारा की,’’ पोपट चौकटीला टेकून म्हणाला. ‘‘भाजी काय हिलाच लागती? हिनं निवडायची, आमी गिळायची. दोघांचं आरोग्य बघाय नको?’’

‘‘तुमचं बघायला सरकारी दवाखाना आहे, भाऊजी. आमच्याकडं बायकांचंच खातं.’’

तो हसला. मीही हसले. गाडी लागल्याची हाक आली तसा तो गेला. त्याची पावलं लांब जाईपर्यंत शालन मांडीवरच्या पदरातली बेदाण्याची काडी नखानं खुडत राहिली.

‘‘गोड बोलतोय न्हवं?’’ ती म्हणाली. ‘‘मलाबी आवडतं त्याचं बोलणं. आता निम्मंच ऐकू येतं, त्याला काय करायचं.’’

मग ती बोलली. अकरा वर्षांपूर्वी नणंद जेवायला आली होती. तिच्यासमोर ही म्हणाली, तुमच्या भावानं कुकरच्या तीन शिट्ट्या सांगितल्या, माझ्या मतानं चार लागतात. एवढंच. नणंद गेल्यावर त्यानं एकच दिली, डाव्या कानावर. पांढरं पाणी आलं चार दिवस. दवाखान्यात तिनं सांगितलं, लहानपणी फुटलेला कान आहे, पुन्हा वाहायला लागला. शेडवरही सगळ्यांना तेच माहीत.

‘‘आता शिट्ट्या मोजता येत न्हाईत,’’ शालन म्हणाली. ‘‘शेगडीपाशी हुभं ऱ्हायलं तर कळतं, वाफ दिसती की. पण जरा धुण्याला गेलं की ऱ्हायलंच. मग भात लागतो. मग पुन्ना.’’ ती थांबली. ‘‘बघ की वैनी, शिट्ट्यापायी कान गेला, आन कानापायी शिट्ट्या गेल्या. हाय का न्हाई गंमत?’’

माझं पेन थांबलेलं बघून तिनं मलाच कोपरानं ढोसलं. ‘‘लिही. म्या कुठं थांब म्हटलं?’’

शेवटी मी नियमाप्रमाणं विचारलं, आणखी काही सांगायचंय का.

‘‘हे कुटं जाणार न्हाई न्हवं? आमच्या ज्योतीला मिरजेला नर्सिंगला घालायचं चाललंय. कसंबसं हो म्हटलाय. म्या बाहेर बोलले असं कळलं, तर मला मारील, ते काय नवं न्हाई. पण पोरीला घरात बशिवल. तुझी आईच अशी, तू काय शिकून करणार, म्हणंल.’’

‘‘कुठं जात नाही,’’ मी म्हटलं.

मला तेव्हा ते खरंच वाटत होतं.

फॉर्मच्या मागं एक रिकामा चौकोन असायचा, ‘निरीक्षण’ म्हणून. बाकीच्या मुली तिथं ‘बाई सहकार्य करते’ असं लिहायच्या. मी घरी येऊन, भाकरी टाकायच्या आधी, अख्खा चौकोन भरला. ती शेडमध्ये नेहमी भिंतीकडच्या टोकाला बसते, म्हणजे उजवा कान माणसांकडं राहतो. शिट्ट्यांचं लिहिलं, लागलेल्या भाताचं लिहिलं. लिहिताना कुठं थांबायचं तेही बघितलं. आठवड्यानं ताईंनी सगळ्यांसमोर तो फॉर्म वर धरला, आकडा बोटाखाली झाकून. ‘‘निरीक्षण असं लिहायचं,’’ म्हणाल्या. ‘‘वैजयंताताईंकडून शिका.’’

मी त्या दिवशी घरी चालत गेले की तरंगत, सांगता येत नाही.

आठ महिन्यांनी अहवाल तयार झाला. ताईंच्या मनात आलं की जे घेतलं ते गावाला परत द्यायचं. पुण्यात कपाटात जाऊन बसणारा कागद नको. मराठीत साधी पुस्तिका काढायची, आमच्याच गावात कार्यक्रम करायचा, पुरुषांनाही बोलवायचं, रक्त कमी असण्यापासून घरातल्या मारापर्यंत सगळं उघड बोलायचं. गुरपादशेठनं मंगल कार्यालय दिलं आणि जिलेबी कबूल केली. जिलेबीमुळं पुरुष आले. स्वागताच्या गाण्याला साथ म्हणून पखवाज आला, म्हणजे मास्तर. आणि पुस्तिकेतलं नववं पान वाचून दाखवायला मी.

‘‘काय आहे नवव्या पानावर?’’ मी फोनवर विचारलं होतं.

‘‘तुम्हाला आवडेल,’’ ताई म्हणाल्या.

छापखान्यानं उशीर केला. ताईंची जीप कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास पोचली आणि पोरींनी भराभर खुर्च्याखुर्च्यांवर पुस्तिका ठेवल्या. जांभळं कव्हर, दोनशे प्रती. लोक यायला लागले होते. डाव्या हाताला बायका, उजव्या हाताला पुरुष. शालन आली, ती सरळ भिंतीकडच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसली, उजवा कान स्टेजकडं. माझ्याकडं बघून तिनं भुवई उडवली: वाच आता झकास.

मी स्टेजच्या पायरीवर उभी राहून नववं पान उघडलं.

‘सीता (नाव बदलले आहे). ती शेडमध्ये नेहमी भिंतीकडच्या टोकाला बसते, म्हणजे उजवा कान माणसांकडे राहतो…’

माझंच. एक ‘कडं’चं ‘कडे’ केलं होतं, बाकी शब्द न् शब्द माझा. मी स्वतःचं छापलेलं पहिल्यांदा बघत होते. खोटं कशाला सांगू, घटकाभर बरं वाटलं. दुसऱ्या वाक्यापर्यंत. मग हातातली पुस्तिका जड झाली.

ताई माइकवाल्याशी बोलत होत्या. त्यांना मी बाजूला घेतलं.

‘‘ताई, हे पान नको.’’

‘‘का? नाव बदललंय. गावही लिहिलेलं नाही. पाच गावं आहेत, तीनशे बायका.’’

‘‘नाव कशाला पाहिजे? समोर बघा. भिंतीकडच्या टोकाला.’’

ताईंनी बघितलं. शालन बसली होती, जशी पानावर बसली होती तशीच. ताईंनी तिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यांना ओळखू आली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

‘‘शेडवर चाळीस बायका तिच्या शेजारी बसतात,’’ मी म्हटलं. ‘‘नवरा तो बघा, शेठच्या खुर्चीमागं, हार घेऊन उभा आहे.’’

‘‘तिनं सांगितलं होतं लिहून घ्या म्हणून?’’

‘‘लिहून घ्या म्हणाली होती. गावात वाचा म्हणाली नव्हती.’’

ताईंनी माझ्या हातातली पुस्तिका घेऊन मिटली. ‘‘मी तिचं एक हो घेतलं आणि दोनदा वापरलं,’’ असं हळू म्हणाल्या, माझ्याशी नव्हे. मग माइक घेऊन त्यांनी सांगितलं, छपाईत एक मोठी चूक झालीये, माफ करा, सगळ्या पुस्तिका परत घेतोय. मी आणि रेश्मा ओळीओळीतनं धावलो. बायकांनी पटापट दिल्या. निम्म्या जणींनी उघडल्याच नव्हत्या, निम्म्या वारा घेत होत्या. पुरुषांच्याही मिळाल्या. जिलेबी येऊ घातली होती, पुस्तकात कुणाचा जीव अडकणार?

गुरपादशेठची राहिली. शेठ माणूस वाईट नव्हता. फुकट मिळालेला कागद परत द्यायचा नाही एवढीच सवय. त्यांनी चष्मा लावला होता.

‘‘असू दे की एक. चूक कुठं हाय तेच शोधतोय,’’ ते म्हणाले, आणि वाचायला लागले. आवाज शेठचा, म्हणजे लिलावात बसायचा आवाज; मागच्या ओळीपर्यंत जायचा. ‘‘‘सीता. ती शेडमध्ये नेहमी भिंतीकडच्या टोकाला बसते…’ ही तर आपल्याच शेडची म्हणायची. ‘उजवा कान माणसांकडे…’ कोण गं ही? ‘कुकरच्या शिट्ट्या…’ आरं पोपट, तुझ्याच घरातली शेगडी दिसती की रं ही—’’

आणि मधेच ते गप्प झाले. आपण काय बोललो ते त्यांना आता कळलं होतं, पण बोलणं पुढं निघून गेलं होतं.

पोपटच्या तोंडावर शेठच्या विनोदाला हसायचं हसू आधीच आलेलं होतं. ते तसंच राहिलं, नुसतं. त्यानं मान वळवून बायकांच्या बाजूला बघितलं. बायकाही बघायला लागल्या. एक वळली, मग दुसरी. शालन जागची हलली नाही. तिला किती ऐकू आलं कोण जाणे, पण वळलेली तोंडं दिसत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसलं असतं. ती नुसती विचारत होती: हे कुटं जाणार न्हाई म्हणालीस न्हवं?

माइक ताईंच्या हातात होता. मी तो घेतला.

‘‘शेठ,’’ मी म्हटलं, ‘‘ते पान माझं आहे.’’

‘‘तुमीच लिहिलंय म्हणता?’’

‘‘लिहिलंय मीच, आणि आहेही माझंच. सीता म्हणजे मी.’’

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. तेवढ्यासाठीच तर म्हटलं होतं.

‘‘या कामात नाव बदलतात तशा खुणाही बदलतात,’’ मी म्हटलं. पोथी वाचायची तो आवाज आपसूक लागला. कुठं थांबायचं ते कळत होतं. ‘‘हात असला तर कान लिहायचा. घरात असली तर शेडमध्ये बसवायची. त्यात जे लिहिलंय ते कुणाला जुळतं म्हणून शोधायला जाल, तर हमखास चुकीच्या बाईपाशी पोचाल. म्हणूनच तसं लिहितात. माझा कान शाबूत आहे. हा हात.’’

मी उजवा हात वर नेला. खांद्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला, रोज थांबतो तसा.

‘‘याच्यावर जात नाही. अकरा वर्षं झाली. विहिरीवर पडले असं मी सांगत आले. आमच्या विहिरीला छातीइतका कठडा आहे, पडायचं म्हटलं तरी पडता येत नाही. पण गावात कुणी कठड्याचं विचारलं नाही, म्हणून चाललं.’’

स्टेजवर मास्तर पखवाज लावत होते. डाव्या पुडीला लावायचा कणकेचा गोळा त्यांच्या हातात होता, तो तसाच राहिला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. पण कणीक दिसली.

‘‘आन कुकर?’’ गुरपादशेठ म्हणाले. बिचाऱ्यांना काहीतरी बोलून सुटायचं होतं.

‘‘कुकर माझाच. वाचायच्या नादात शिट्ट्या राहतात. भात लागतो.’’

मागं कुणीतरी बाई हसली, आणि हसताहसता तिचा आवाज फुटला. पोपट शेजारच्या माणसाकडं वाकला. ‘‘मास्तर व्हय,’’ तो म्हणाला, आणि जीभ टाळूला लावून त्यानं चक् चक् केलं. मोठ्या मनानं हळहळला. ‘‘देवाचं वाजवणारा माणूस, आन बघा.’’

मी माइक खाली ठेवला. शालन आता माझ्याकडं बघत नव्हती. पदराच्या टोकाशी काहीतरी खुडत होती, काडी असल्यासारखं.

स्वागताचं गाणं झालं नाही. जिलेबी झाली.

कार्यालयाच्या मागं भांड्यांची खोली होती. ताईंनी मला तिथं नेलं, दार लावलं आणि उपड्या पातेल्यावर बसवलं. स्वतः जमिनीवर बसल्या.

‘‘चूक माझी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही लिहिलं तर होतं माझ्यासाठी. ते कुणापुढं जाणार हे बघायचं काम माझं होतं.’’

‘‘लिहिताना मलाच लई गोड वाटत होतं, ताई.’’

‘‘मलाही. वाचताना.’’

बाहेर वाढपी ताटं मोजत होता.

‘‘खुणा बदलतात असं मी तुम्हाला शिकवलं नव्हतं,’’ ताई म्हणाल्या.

‘‘न्हाईच शिकवलं. तिथं सुचलं.’’

‘‘शिकवायला पाहिजे होतं.’’ त्यांनी डोळे पुसले. मग एकदम पुढं होऊन म्हणाल्या, ‘‘आज घरी जाऊ नका.’’ आणि लगेच स्वतःच थांबल्या. ‘‘नाही. असं नाही. आज घरी गेलात तर काय होईल असं तुम्हाला वाटतं? तुम्ही सांगा, त्याप्रमाणं करू.’’

मी विचार केला. अकरा वर्षांत हा प्रश्न मी स्वतःलाही घातला नव्हता. ‘‘रेश्माकडं जाते,’’ मी म्हटलं. ‘‘पोरगी आजोळीच आहे. तिथंच राहू दे. पुढचं उद्या बघू.’’

त्या ‘उद्या’चं पुढं काय काय झालं ते सांगत बसत नाही. माझा भाऊ आला, भांडला, मग रडला. मी मास्तरांच्या घरी राहायला म्हणून पुन्हा गेले नाही. पोथी आणायला एकदा गेले. ते अजून वाजवतात. लोक अजून लांबून ऐकायला येतात, फक्त आता ऐकताना कुणी डोळे मिटत नाही, असं म्हणतात. नव्या पुस्तिकेत नववं पान नव्हतं. ताईंनी गावात येऊन नव्हे, मिरजेच्या बाजारात भेटून शालनची माफी मागितली. तिला विचारलं, तुमचा फॉर्म ठेवू की फाडू. शालन म्हणाली, ‘‘ठेवा. सत्तेचाळीसच्या जागी भोक कशाला पाडायचं? पण गोष्ट नको, नुसता आकडा ठेवा.’’ ज्योती नर्स झाली. आता कानाच्या डॉक्टरांकडं असते. शालन शेडमध्ये अजून भिंतीकडच्या टोकाला बसते, आणि मी भेटायला गेले की उजवीकडची जागा झाडून ठेवते. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. कार्यक्रमानंतर आठव्या दिवशी तिनं रेश्माकडं डबा पाठवला होता. आत भात होता. मोकळा, शीत न् शीत सुटं, कुठंही न लागलेला.

पण त्या खोलीतलं राहिलंच. ताई उठायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, ‘‘ताई, सरावाचे फॉर्म तुम्ही ठेवलेत का?’’

‘‘सगळे आहेत. का?’’

‘‘माझा चुकलाय. पन्नासही ‘नाही’ आहेत.’’

ताईंनी पिशवीतनं कोरा फॉर्म काढला. हिरवा कागद शोधून त्यावर ठेवला. दाराची कडी पुन्हा तपासली. आणि समोर बसून, पहिल्यांदाच कुणाला तरी विचारत असल्यासारखं, सावकाश म्हणाल्या,

‘‘वैजयंताताई, उत्तरं द्यायची की नाही हे तुमच्यावर आहे. कधीही थांबा म्हणालात तर मी थांबेन.’’

एकसष्ट बायकांना मी हे वाक्य म्हटलं होतं. ऐकायला कसं लागतं ते मला माहीत नव्हतं.

मी हो म्हटलं. खाली सही ताईंनी केली.